भूतबाधेच्या सिनेमात शेवटी देवरशीच का जिंकतो?

माळवदकर:
गावाकडच्या भूतबाधेच्या भयपटाचा साचा ठरून गेलाय. नवी सून, पडका वाडा, बंद खोली, मध्यंतरानंतर भूत उतरवणारा देवरशी. मग संबळ, मिरच्यांचा धूर, केस धरून झोडपणं, आणि सून शुद्धीवर. माझा आक्षेप भुताला नाही, शेवटाला आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची काढून वाचा. भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठी-चाबकाने मारणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, केस उपटणं, चटके देणं हे सगळं तिथं आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार. आपले दिग्दर्शक हीच यादी क्लायमॅक्स म्हणून चित्रित करतात आणि वर तिला गुण आलेला दाखवतात. धाराशिव, बीड, परभणीकडचं गाव दाखवायचं तर निदान हे तरी बदला.

गढीवरचा:
कायदा प्रत्यक्ष मारहाण करणाऱ्याला लागतो, पडद्यावर दाखवणाऱ्याला नाही. आणि तुमचा पर्याय काय? शेवटच्या दहा मिनिटांत शहरातून डॉक्टर आणायचा, त्याने चष्मा पुसत "हा मानसिक आजार आहे" म्हणायचं? दोन तास भुताचे नियम पाळून शेवटी ते मोडले की प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं. भयपटात बाधा खरी असेल तर उताराही लागू पडला पाहिजे.

आराधी_सूर:
दोघंही एक गोष्ट सोडताय. तो संबळ तिथं आलाच कुठून? संबळ गोंधळातलं वाद्य, आणि गोंधळ हा देवीचा कुळाचार आहे. लग्नकार्यानंतर घातला जातो, भूत काढायला नाही. पाटावर नवं कापड, त्यावर धान्याचा चौक, कलश, विड्याची पानं, सुपाऱ्या, हळकुंडं, खारका, दिवटी. आधी गण, मग तुळजापूरच्या भवानीपासून माहूरच्या रेणुकेपर्यंत देवांना आवतण, मग आख्यान, शेवटी आरती. आराधीण म्हणजे देवीची उपासक बाई. तिच्या गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. तिच्या अंगात येतं ते देवीचं वारं. लोक तिच्या पाया पडतात, तिला झोडपत नाहीत. बाधा झालेल्या बाईला गाव वेगळं वागवतं. सिनेमावाले दोन्हीची खिचडी करतात आणि वर मान गरकन फिरवणं, छताला चिकटणं, काळं ओकणं हा चर्चमधल्या भुताचा माल ओततात. आपल्याकडे बाई घुमते. केस मोकळे, बैठक जमिनीवर, कमरेपासून वर गोल गोल, श्वासाचा हुंकार. अभिनेत्रीला तेवढं नीट जमलं तर प्रोस्थेटिकचा, म्हणजे नकली कातडी-चेहऱ्याचा, खर्च वाचेल.

गढीवरचा:
खिचडी मान्य. पण संबळ काढून घेतलात तर त्या प्रसंगाला ठेका कुणाचा? सिनेमा म्हणजे शोधनिबंध नव्हे.

ट्रॅक_दोन:
हलगी घ्या की. पण ध्वनिमुद्रणात दगा कुठं देते ते आधी माहीत असू द्या. हलगी जाळावर शेकली की कातडं ताणतं आणि आवाज चढतो. गार झाली, हवेत दमटपणा आला की उतरतो. म्हणजे संध्याकाळी घेतलेल्या शॉटची हलगी पहाटेच्या शॉटला जुळत नाही. प्रत्येक टेकआधी शेकायची, नाहीतर एकच सलग मुद्रण करून चित्र त्यावर कापायचं. टिपरूचा, म्हणजे हलगीच्या काडीचा, घाव फार टोकदार असतो, म्हणून पातळी सरासरी उणे १८ डेसिबलवर ठेवून दुसरा ट्रॅक आणखी १० डेसिबल खाली चालू ठेवा. पहिला फाटला तरी दुसरा वाचतो. घुमणाऱ्या बाईचा श्वास मात्र वेगळा, जवळून, हलगी बंद ठेवून घ्यायचा. किंकाळ्या दिवसाच्या शेवटी. सकाळीच घेतल्या तर घसा बसतो आणि संवाद वाया जातात.

मिरचीच्या धुराचं: सेटवर खरी मिरची जाळू नका. दमेकऱ्याला अटॅक येऊ शकतो. धूरयंत्र वापरा, पण ते फुसफुसतं. खोली भरून घ्या, यंत्र बंद करा, मग टेक. आणि प्रकाश मागून ठेवा. समोरून टाकला तर धूर दिसतच नाही, नुसतं पांढुरकं होतं.

बारव:
अंधार कशाला हवा एवढा? निळी रात्र, धुकं, दाट झाडी ही कोकणची सामग्री. इथं काळं रान, बोडके माळ, पांढऱ्या मातीची गढी. आणि आपल्या समजुतीप्रमाणे बाधेची वेळ भर दुपारची आहे. बारा वाजता पोरीबाळींना विहिरीवर, तिठ्यावर जाऊ देत नाहीत. मेच्या मध्यापासून मराठवाड्यात सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. धाराशिवला आधी, संभाजीनगरला काही दिवसांनी. घड्याळात साडेबाराच्या जरा अलीकडे उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. भुताला सावली नसते म्हणतात ना? मग व्हीएफएक्सचा एक रुपया न घालता अख्खं गाव बिनसावलीचं मिळतं, फक्त तारखेप्रमाणे शूटिंग लावा. रिफ्लेक्टर वापरू नका, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडू द्या. बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, उतरताना वरच्या उन्हाला एक्स्पोजर धरा, तळ आपोआप ठार काळा होतो. कॅमेरे तापून बंद पडतात, तेव्हा छत्री आणि ओलं पोतं जवळ हवंच. मेकअप दहा मिनिटांत वाहतो, म्हणून शॉट लहान.

माळवदकर:
हे सगळं झकास. पण माझा प्रश्न तिथंच राहिला. भर उन्हात झोडपली काय नि रात्री झोडपली काय.

ओपीडी:
मध्ये पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत 'पझेशन ट्रान्स डिसऑर्डर', म्हणजे अंगात संचार होण्याचा आजार, ही स्वतंत्र नोंद आहे. अट अशी की तो संचार नकोसा, त्रासदायक हवा. समाजाच्या धर्माचारात जो स्वीकारलेला आहे तो आजार धरायचा नाही. म्हणजे आराधीण आणि बाधा झालेली सून यांच्यातला फरक डॉक्टरही करतात. आता पटकथेचं बघा. सुनेच्या तोंडून भूत बोलतं ते काय बोलतं? "मला उपाशी ठेवलं, माझं सोनं विकलं." हेच ती स्वतःच्या नावाने बोलली असती तर थोबाडीत बसली असती. भूत बोललं म्हणून अख्खी भावकी हात जोडून ऐकते, लुगडं-चोळी कबूल करते. तिला बरं वाटतं ते ऐकलं गेल्यामुळे. उतारा दाखवा: भाकरी, दहीभात, लिंबू, अंडं ओवाळून तिठ्यावर ठेवलेलं. मारहाण कापा. साखळी तर नकोच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळी बांधायला बंदी आहे, आणि २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला साखळदंडातली २८ माणसं आगीत जळून गेली.

गढीवरचा:
म्हणजे देवरशी जिंकलाच की!

माळवदकर:
जिंकला, पण काठीने नाही. एवढ्यावर मी तडजोड करीन. फक्त भुताच्या मागण्या खऱ्या लिहा. निजामाच्या काळातलं भूत असेल तर ते हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात, हिशेब मागेल आणि मध्येच दखनीत शिव्या देईल. पुणेरी मराठी बोललं तर गेलं सगळं.

गढीवरचा:
आणि काठीशिवाय क्लायमॅक्सला माणूस खुर्चीत बसेल, हे तुम्ही निर्मात्याला सांगा. मी नाही सांगणार.

ट्रॅक_दोन:
उताऱ्यात कोंबडा घेणार असाल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी काढा. नंतर कागद मागतात तेव्हा अख्खा प्रसंग कापावा लागतो. आणि खरा कोंबडा कापायचा नाहीच, रबरी कोंबडा चालतो.