गाव ओस पडलं की ऊस तोडायला गेलं?

बालाघाट:
परवा इथे एकाने ठणकावून लिहिलं की २०११च्या जनगणनेत बीडकडच्या कित्येक वाड्या-तांड्यांची माणसं घटली, म्हणजे लोकांनी गाव सोडलं. अहो, मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीत! तेव्हा कोयता, म्हणजे ऊसतोड मजूर, कारखान्यावर असतो. दिवाळीच्या आगेमागे निघालेली टोळी पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्याशिवाय, परतत नाही. आणि नियम असा की त्या वीस दिवसांत माणूस एक दिवसही घरी नसेल, तर जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे बीडमधल्या शिरूर कासारची माणसं सांगली-कोल्हापूरच्या खात्यावर.

कोकणकडा:
सगळं खापर तारखेवर फोडू नका. रत्नागिरी जिल्हा २००१ला १६,९६,७७७ होता, २०११ला १६,१५,०६९. तिथे कुठे आलीय ऊसतोड? हजार पुरुषांमागे ११२२ बायका, कारण पुरुष मुंबईला. गावं रिकामी होतायत हे खरंच आहे.

बालाघाट:
चाकरमानी गणपती-शिमग्याला येतो, त्याला मुंबईत धरणं योग्यच. आमचा माणूस पेरणीपासून दिवाळीपर्यंत गावातच असतो. शिवाय कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघं एकदम जातात, म्हणून लिंग-गुणोत्तरात ही गैरहजेरी दिसत नाही. वयोगट बघा. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

खडूफळा:
प्रगणक म्हणून आम्हा शिक्षकांनाच पाठवतात, म्हणून सांगतो. घडतं उलटं. आजी रेशनकार्ड पुढे करते, ‘पोरगा-सून माझीच, लिहा की.’ नावं उतरतात. आकडा फुगतो, घटत नाही.

बालाघाट:
म्हणजे नियम मोडून लिहिता! रेशनकार्डाचा इथे संबंध काय? ‘९ तारखेपासून एक दिवस तरी घरी होता का’ हा एकच प्रश्न विचारायचा, तोही होत नाही?

खडूफळा:
आवाज चढवू नका. फडावर जाऊन बघा. घरयादी आदल्या वर्षी होते, तेव्हा कोपी, म्हणजे मजुरांची झोपडी, उभीच नसते. यादीत तिचा पत्ताच नाही. प्रगणक दुपारी पोचतो, टोळी पहाटे चारलाच फडात गेलेली. चटईच्या कोपीत सहा-सात वर्षांची पोर, काखेत धाकटं भावंड. तिला आई-बापाचं वय विचारायचं? बैलगाडीवानांचा तळ कारखान्याजवळ असतो, ते सापडतात. डोकी सेंटरवाले, म्हणजे डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरणारे, मुकादम सांगेल तसे हलतात, ते निसटतात.

कोकणकडा:
दोन-पाचशे माणसं इकडची तिकडे झाली, तर गावाचं काय बिघडतं?

बालाघाट:
हिशेब घ्या. समजा गाव १६०० वस्तीचं, त्यात अनुसूचित जातीचे ३२०. ग्रामपंचायतीला ९ सदस्य. २० टक्क्यांनी १.८, म्हणजे २ राखीव जागा. आता २०० माणसं फडावर, त्यातली १२० अनुसूचित जातीची. गावात उरले १४००, त्यात अनुसूचित जातीचे २००. दीड हजारापर्यंत सदस्य ७च, राखीव जागा १. भूमिहीन जास्त जातात, म्हणून फटका त्यांनाच. पुढच्या मोजणीपर्यंत हाच आकडा.

खडूफळा:
जागांचं गणित मान्य. पण तुम्हीही माना की काही नावं दोनदा लागतात.

बालाघाट:
लागत असतील. पण कुठल्या गावात फुगला आणि कुठल्या गावात घटला, हे त्या आकड्यावरून कळतं का? मग त्याच आकड्यावर ‘गाव संपलं’ कसं म्हणता? २०२७ची मोजणीही फेब्रुवारीतच आहे. फडावर रात्री आठनंतर जा, मुकादमाकडची टोळीची यादी हातात घ्या, आणि गावातल्या आजीला तारखा सांगून विचारा.

खडूफळा:
रात्री जाऊ. गाडी आणि सोबत माणूस द्यायला सांगा.