उत्तर : परग्रहाचा चंद्र, आठ इंची दुर्बीण आणि पुण्याची गच्ची

वर विचारलंय की कोथरूडच्या गच्चीवरून आठ इंची दुर्बिणीने परग्रहाचा, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचा, चंद्र पकडता येईल का. चंद्र नाही, ग्रह मात्र नक्की.

आकडे बघा. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला की प्रकाश साधारण १% घटतो. पृथ्वीमुळे ०.००८%, आणि आपल्या चंद्रामुळे त्याच्याही चौदाव्या भागाएवढा! शहरातल्या धुरकट हवेत ०.३% अचूकता मिळाली तरी खूप झालं.

म्हणून चंद्र बहुधा वेळेवरून शोधतात. ग्रह आणि चंद्र सामायिक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात, त्यामुळे अधिक्रमण (ग्रहाचं ताऱ्यासमोरून जाणं) कधी लवकर, कधी उशिरा सुरू होतं. केप्लर-१६२५बी या परग्रहाच्या बाबतीत २०१७ साली हबलने सुमारे ४० तास निरीक्षण केलं, तेव्हा अधिक्रमण अपेक्षेपेक्षा जवळपास ७८ मिनिटं आधी झालं. पण दुसरा एखादा ग्रहही असाच ओढू शकतो. शिवाय उपकरणाच्या मोजमापात हळूहळू होणारा बदल कसा वजा करता, त्यावर चंद्राची ती इवलीशी घट उरते किंवा गायब होते. खरी गोम तिथेच आहे. म्हणून आजवर एकही चंद्र पक्का झालेला नाही.

सरावाला एचडी १८९७३३बी हा परग्रह घ्या : घट २.४%, दर २.२ दिवसांनी, ऑक्टोबरच्या संध्याकाळी डंबेल तेजोमेघाशेजारी. फोकस थोडा बिघडवा, नाहीतर ताऱ्याच्या प्रकाशाने कॅमेऱ्याचे पिक्सेल पूर्ण भरून जातात. तेज ताडून बघायला तुलनेचा दुसरा तारा त्याच चौकटीत हवा. अधिक्रमणाआधी-नंतर तासभर जास्तीचं चित्रण घ्याच, नाहीतर घट मोजणार कशावरून?