मोबाइल जीनला काय म्हणावं : चल, उडतं की जंगम?

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक मराठी माहितीपत्रक करतेय. विषय : अँटिबायोटिक लागू का पडेनासं होतं. 'मोबाइल जेनेटिक एलिमेंट'पाशी, म्हणजे डीएनएच्या इकडून तिकडे जाऊ शकणाऱ्या तुकड्यांपाशी, गाडी अडलीय. 'चल जनुकीय घटक' लिहिता येईल, पण दहावीचं बीजगणित केलेल्याला 'चल' म्हटलं की क्ष आणि य आठवतात. 'उड्या मारणारी जनुकं' म्हणजे बालवाडीतलं गाणं वाटतं. आणि 'जिवाणूंची प्रतिकारशक्ती' चालेल का?

*

शेवटचं आधी घेतो. 'प्रतिकारशक्ती' नको, ती माणसाची. आम्ही लॅबमध्ये प्लेटवर जिवाणू पसरून औषधाच्या कागदी चकत्या ठेवतो. दुसऱ्या सकाळी चकतीभोवती चांगला रुंद, स्वच्छ गोल दिसला तर औषध चालतं. वाढ चकतीला खेटून आली, तर रिपोर्टात 'आर', म्हणजे 'रेझिस्टंट', औषध चालत नाही. त्या प्लेटवर माणूस नसतोच. तरी मुलगा विचारतो, "म्हणजे बाबांच्या अंगाला औषधाची सवय झाली का?" हा घोळ त्या एका शब्दानं वाढतो. आपल्याकडे 'औषधाला दाद देत नाही' हे तयार आहे. 'औषधाला दाद न देणारे जिवाणू' लिहा. पाठ्यपुस्तकात 'प्रतिरोध' ठीक.

'उड्यां'ना माझी हरकत बालवाडीची नाही. जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरच्या ठिपक्यांवरून जे ओळखलं (नोबेल १९८३), तिथे तुकडा खरोखर जागा सोडतो. पण जिवाणूंमधला 'टीएन३' हा ट्रान्सपोसॉन, म्हणजे डीएनएचा असाच तुकडा, जुनी जागा सोडत नाही, दुसरीकडे आपली प्रत बसवतो. गावचं घर ठेवून मुंबईत खोली घेतल्यासारखं. म्हणून 'स्थलांतर'ही चुकतं.

*

मग 'जंगम' घ्या की! स्थावर-जंगम आपण रोज बोलतो. 'गम्' धातूच्या द्विरुक्तीतून आलेला शब्द, पुनःपुन्हा जाणारा. जाऊ शकतो एवढंच सांगतो, घर सोडलं असं म्हणत नाही. शिवाय ट्रान्सपोसॉन हलण्यासाठी लागणाऱ्या विकराचं जनुक स्वतःबरोबरच बाळगतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, दुसरं काय!

*

शब्द सुरेख, पण 'जंगम' हा समाज आहे, आडनावही आहे. 'जंगम जनुकांमुळे औषध चालत नाही' असं पत्रक वाटून बघा, संध्याकाळी फोन येतील.

*

खरंय, हे सुचलंच नव्हतं. मागे घेतो.

*

प्लाझ्मिडचं काय? ट्रान्सपोसॉन आणि तो एकच का?

*

नाही. प्लाझ्मिड हे डीएनएचं वेगळं, बहुधा गोल कडं. ते एसटीसारखं समजा, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारं. ट्रान्सपोसॉन हा गाडी बदलणारा प्रवासी आणि औषध निकामी करणारं जनुक ही त्याची पिशवी. 'प्लाझ्मिड' तसाच ठेवा, १९५२ मध्ये शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी घडवलेला शब्द आहे, त्याला आता मराठी टोपी घालायची गरज नाही.

पिशवीवर कधी जुनं लेबलही राहतं. 'एनडीएम-१' घ्या, औषध निकामी करणारं असंच एक जनुक, नावातलं 'एनडी' म्हणजे न्यू डेल्ही. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णात २००८ मध्ये सापडलं, क्लेब्सिएला न्यूमोनिए या जिवाणूत, प्लाझ्मिडवर. नावात दिल्ली आल्यानं इथे बराच गहजब झाला. मला मात्र जास्त बोलका वाटतो तो त्या जनुकाच्या आधी वारंवार सापडणारा छोटा तुकडा, 'आयएसएबीए१२५'. त्यातलं 'एबीए' म्हणजे असिनेटोबॅक्टर बाउमानी, अगदी वेगळा जिवाणू. प्रवास कुठून झाला असावा याची खूण तिथे आहे.

*

काल वॉर्डातल्या मावशींना एसटीचंच उदाहरण सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे फिरतीवर असतात ती." फिरता दवाखाना, फिरतं वाचनालय, फिरतीची नोकरी. आणि फिरतीच्या नोकरीत घर मोडत नाहीत, म्हणजे टीएन३ची अडचणही मिटली. 'फिरती जनुकं' लिहितेय.

*

चालेल. फक्त इंटिग्रॉन या डीएनएच्या आणखी एका भागाला 'फिरता' म्हणू नका. तो जनुकांचे डबे जोडून घेतो, पण त्याला स्वतःचं इंजिन नसतं.