सीईटीचं गाईड घेताना काय बघता? अनुभव लिहा

गोदाकाठची:
भाचीचा फोन आला, "मावशी, कुठलं गाईड घेऊ?" आणि दुकानात गाईडांच्या ढिगापुढे गोंधळून उभे राहिलेले आईबाप आठवले. म्हणून हा धागा. एमएचटी-सीईटीपुरतंच, म्हणजे बारावीनंतर इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेशासाठी असलेल्या राज्याच्या परीक्षेपुरतंच बोलूया.

कव्हर आणि 'इतके हजार प्रश्न' नंतर, आधी अनुक्रमणिका. बालभारतीचं बारावीचं फिजिक्स सोबत न्या. त्यात १६ धडे आहेत, रोटेशनल डायनॅमिक्सपासून सेमीकंडक्टर डिव्हायसेसपर्यंत. गाईडात बारावीखाली ग्रॅव्हिटेशन किंवा कम्युनिकेशन सिस्टिम्स दिसलं, तर मजकूर २०२० च्या आधीच्या अभ्यासक्रमाचा. आवृत्ती नवी छापली असली तरी. ग्रॅव्हिटेशन आता अकरावीत आहे. जुन्या पुस्तकांत ही गफलत सर्रास सापडते.

पंचवटीकर:
अनुक्रमणिकेनंतर उत्तरं. नुकताच शिकवून झालेला एक धडा घ्या, मधलेच दहा प्रश्न दुकानातच कागदावर सोडवा आणि गाईडातली उत्तरं बघा. दोन चुकीची निघाली तर पुस्तक परत शेल्फवर. छापताना एखादा प्रश्न गळतो आणि पुढची सगळी उत्तरं एकाने सरकतात, म्हणून धड्याच्या शेवटचे दोन-तीन प्रश्न नक्की तपासा. तिथे लगेच कळतं.

सिडकोची आई:
दुकानदार उभं राहू देतात का इतका वेळ?

पंचवटीकर:
ताई, शनिवारी संध्याकाळी नाही. मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमारास जा, शांतपणे पाहू देतात. मेनरोडला चारचाकी मात्र नेऊ नका.

गणितवाला:
जेईईचं गाईड घरात आहे तेच सीईटीला चालेल, असं बरेच जण धरतात. गणितात अडकतात. मॅथेमॅटिकल लॉजिक, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स आणि लिनिअर प्रोग्रामिंग हे तीन धडे बारावीच्या पुस्तकात आहेत, जेईई मेनच्या अभ्यासक्रमात नाहीत. सीईटीत येतात, आणि गणिताचा प्रत्येक प्रश्न २ गुणांचा. बाकी धड्यांत जेईईचे प्रश्न लांबलचक असतात. सीईटीत ९० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे एकाला १०८ सेकंद. दीड पान उत्तर छापणारं गाईड समजून घ्यायला चांगलं, सरावाला नाही.

केमिस्ट्री_नाशिकरोड:
नीटच्या पुस्तकांचंही तेच. एनसीईआरटीने सॉलिड स्टेट आणि पॉलिमर्स वगळले, त्यामुळे नव्या नीट गाईडात ते सहसा नसतात. बालभारतीत दोन्ही आहेत. ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्री तर बालभारतीचाच धडा. तो वाचायला फार तर एक दुपार लागते आणि मुलं तोच सोडतात!! जीव तुटतो अगदी.

ऑरगॅनिकचं गाईड घेताना रचनासूत्रं बघा. बेंझिनच्या कड्यातली रेघ पुसट, बाण कुठे सुरू होतो ते दिसत नाही, असं असेल तर आतली भाषा कितीही सोपी असो, घेऊ नका.

निफाडचा दादा:
मराठी माध्यमवाल्यांनी लक्षात ठेवा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मराठीत मिळतं, पण गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत. गणिताचं गाईड इंग्रजीच घ्या, मराठी शोधत बसू नका

सिडकोची आई:
अकरावीचं वेगळं घ्यावं लागतं का? आमच्याकडे आधीच दोन ठोकळे आहेत, तिसरा आणला तर मुलगी रडेल.

गोदाकाठची:
नका आणू. अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, म्हणजे ५० पैकी दहाएक प्रश्न, आणि तेही ठरावीक धड्यांवर. परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये त्या धड्यांची यादी आहे. प्रिंट काढा आणि घरातल्या गाईडात त्या धड्यांवर खूण करा. उरलेल्या धड्यांची पानं उघडूही नका. लेकीला सांगा, काम वाटतंय त्यापेक्षा कमी आहे.

सिन्नरचे काका:
मागच्या वर्षांच्या पेपरांचा संच घेताना एक बघा. परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. संचावर नुसतं '२०२३ चा पेपर' लिहिलेलं असतं तो त्यातला एकच. तारीख आणि सत्र छापलेला संच घ्या. गुणही सत्रानुसार पर्सेंटाइलमध्ये (त्या सत्रातल्या किती टक्के मुलांच्या पुढे आहात, त्यात) बदलतात, म्हणून कुठल्यातरी पेपरात १२० पडले म्हणजे अमुक कॉलेज, असा हिशेब मांडू नका. आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. नीट-जेईईच्या पुस्तकातला 'शंका असेल तर प्रश्न सोडा' हा सल्ला इथे नुकसान करतो. एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही.

पंचवटीकर:
काका +१. वेळेचं पण लिहा कोणीतरी. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, तो वेळ संपला की भाग बंद होतो आणि मग गणित उघडतं. परत मागे जाता येत नाही. म्हणून गाईडातले दोन विषय वेगवेगळे वेळ लावून सोडवू नका, एकत्र लावा. केमिस्ट्री ३५ मिनिटांत उरकली तरच फिजिक्सच्या गणितांना वेळ उरतो. कॅल्क्युलेटर नाही, त्यामुळे आकडेमोड हातानेच.

गणितवाला:
चुकांची वही ठेवा, गाईड दुसऱ्यांदा पहिल्यापासून सोडवण्यापेक्षा ती जास्त उपयोगी. तीन रकाने: प्रश्न क्रमांक, कारण, पुन्हा सोडवायची तारीख. कारणात 'चुकलं' एवढंच लिहू नका. संकल्पना, आकडेमोड की प्रश्न नीट वाचला नाही, ते लिहा. आकडेमोडीच्या चुका जास्त असतील तर दुसरं गाईड आणून काहीही होणार नाही.

बायोवाली:
गणिताऐवजी बायो देणाऱ्यांना बायोचे १०० प्रश्न, आणि पाठ्यपुस्तकातल्या चौकटी सोडू नका! 'डू यू नो' वगैरे. बहुतेक गाईडं त्या गाळतात. आधी बालभारती पेन्सिल घेऊन वाचा, मग गाईड.

निफाडचा दादा:
बालभारतीची पीडीएफ फुकट मिळते ईबालभारतीवर, पुस्तक मिळेना म्हणून थांबू नका

सिडकोची आई:
एवढं जाडजूड पुस्तक दप्तरात मावत नाही, खांदा दुखतो म्हणते.

केमिस्ट्री_नाशिकरोड:
बाइंडिंगवाल्याकडून तीन भाग करून स्पायरल लावून घ्या ताई. पण उत्तरांची पानं सगळ्यात शेवटी एकत्र असतील तर ती आधी झेरॉक्स करून प्रत्येक भागाला त्याची-त्याची जोडा. आणि कापण्याआधी आतल्या कडेचा समास बघा. शिवणीपासून अर्धा इंचही जागा नसेल तर भोकं अक्षरांवर पडतात. मग कापू नका, जाड पुठ्ठा लावा आणि ते घरीच राहू द्या.

सिडकोची आई:
बघितलं. समास बरा आहे. उद्याच देते.