१ ऑक्टोबरच्या आधी काय काय करायचं
एकाने विचारलंय की मिशिगनमध्ये आर्चरी सीझन (धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायचा हंगाम) १ ऑक्टोबरला उघडतो तर सप्टेंबरमध्ये आठवडाभर नेम मारला की पुरे ना, तर माझ्या मते अजिबात नाही. मी जुलैपासूनच रोज वीसेक बाण मारतो, थकल्यावर मारलेल्या बाणांचा काही उपयोग नसतो म्हणून जास्त नाही. आणि अंगणात उभं राहून मारणं वेगळं, झाडावर पंधरा-वीस फुटांवर बसून जाड जॅकेट घालून खाली मारणं वेगळं, पहिल्या वर्षी माझी दोरी बाहीला घासली आणि बाण कुठे गेला देव जाणे (हरीण मात्र निवांत बघत होतं!).

ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचं धारदार पात्यांचं टोक) लावून मारून बघाच, प्रॅक्टिसच्या टोकासारखा तो उडेलच असं नाही. स्टँडचे (झाडावर बांधलेल्या बसायच्या जागेचे) पट्टे उन्हापावसात कुजतात, ते बदला, आणि हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) जमिनीवरूनच अडकवून चढा, यात हयगय नको. वारा तुमच्याकडून हरणाकडे असेल तर त्या दिवशी त्या स्टँडवर जाऊच नका, अंगाचा वास घालवणारे स्प्रे वगैरे मला तरी पटलेले नाहीत.

बाकी शिकारीचं लायसन्स आधीच काढून ठेवा. आईला अजून वाटतं मला पकडून नेतील, भारतात १९७२ च्या कायद्यानुसार शिकार बंद ना!