मदत हवी आहे: उणे एक सेकंद कुठे गेला?

मी चाळीसगाव तालुक्यात बारावीचे क्लास घेतो. परवा फळ्यावर नेहमीचं गणित घातलं. 15 मीटर उंचीच्या पाण्याच्या टाकीवरून चेंडू सरळ वर फेकला, वेग सेकंदाला 10 मीटर, गुरुत्वत्वरण 10 धरा. जमिनीवर कधी पडेल? उत्तरं दोन निघतात, 3 आणि उणे 1. सवयीनं उणे एकावर काट मारली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मंग हाऊ उणे एक कथा गया?"

वर्ग हसला, मीही हसलो. रात्री आकडेमोड केली तेव्हा मात्र गप्प झालो. तोच चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरून 20 च्या वेगानं फेकला असता, तर टाकीच्या माथ्यापाशी बरोबर 10 च्या वेगानं वर जाताना दिसला असता! समीकरणाला ना टाकी ठाऊक, ना माझा हात. ते अख्खा मार्ग सांगून मोकळं झालं, काट मी मारली.

आमच्या पाटणादेवीकडचे भास्कराचार्यही हेच करतात. त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथातलं वानरांचं उदाहरण आठवा: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला, तितकी गुहेत, एक फांदीवर. उत्तरं 50 आणि 5. पाच धरले तर एकातून तीन जातात, उणे दोन. वर्ग चार, हिशेब जुळतो! तरी ऋण वानरं लोकांना पटायची नाहीत म्हणून आचार्यांनी पाच सोडले.

भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकनं मात्र इलेक्ट्रॉनसाठीच्या आपल्या 1928 च्या समीकरणातली ऋण ऊर्जेची उत्तरं टाकली नाहीत. आधी त्याला तिथे प्रोटॉन दिसला, 1931 मध्ये तो नवा कण म्हणाला, आणि 1932 मध्ये अँडरसनला प्रयोगात तो कण, म्हणजे पॉझिट्रॉन (धन भाराचा इलेक्ट्रॉन), सापडला.

'गणितावर विश्वास ठेवा' एवढंच सांगू नका. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएच्या गणितानं 1846 मध्ये नेपच्यून सापडला. त्याच माणसानं बुधाची कक्षा हिशेबापेक्षा जास्त सरकते म्हणून सूर्याजवळ वल्कन नावाचा ग्रह मांडला, तो निघालाच नाही. 1915 मध्ये आइनस्टाइननं गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांतच बदलला तेव्हा तो हिशेब सुटला.

तर जाणकारांनो, कोणतं उत्तर खरं जग आहे आणि कोणतं नुसतं कागदावरचं, हे प्रयोगाआधी ओळखायची काही खूण असते का? की समीकरण फक्त 'असंही असू शकतं' एवढंच सांगतं? बारावीच्या पोरांना कळेल असं लिहा. 'सगळी माया आहे' वाल्यांनी कृपया थांबावं. सोमवारी परत त्याच बॅचसमोर उभं राहायचंय.