मदत हवी आहे: खेळाडू मोठा, पण शिकवणं जमेना

आमच्या ज्युनियर रग्बी संघाला एक माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू स्किल्स कोच म्हणून लाभलेत. लांबलचक स्पिन पास (चेंडू स्वतःभोवती गरगरत जातो तो) असा सोडतात की पोरं बघतच राहतात! पण 'कसा केला?' विचारलं की उत्तर एकच, "सवयीने येतं." मनगट कधी वळवायचं, सुटताना बोटं कुठे रोखायची, हे सुटं करून सांगताच येत नाही. इंग्लंडचा नामवंत रग्बीपटू जॉनी विल्किन्सन खेळ सोडल्यावर किकिंग शिकवू लागला, हे ठीक. पण ऑल ब्लॅक्सचे (न्यूझीलंडच्या रग्बी संघाचे) स्किल्स कोच राहिलेले मिक बर्न तर मूळचे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या वेगळ्याच खेळाचे; म्हणजे खेळणं वेगळं, शिकवणं वेगळं. (आमच्यात मात्र आमच्या या कोचपुढे बोलायची कुणाची टाप नाही.) त्यांचा मान राखून कसं सुचवावं? पासचा व्हिडिओ संथ करून त्यांनाच बोलतं करावं, की जोडीला शिकवण्यात मुरलेला कोच द्यावा? कुणी केलंय का असं?